सुनेने ओलवलेले गहू

उंडेखारात पाहुणा आला की आधी गोंधळतो. इथे किरिस्तावांच्या चर्चला देऊळ म्हणतात आणि इस्रायलींच्या, म्हणजे इथल्या यहुद्यांच्या, प्रार्थनाघराला मशीद. तेव्हा 'देवळापाशी उतरा' असे कोणी सांगितले आणि समोर क्रूस दिसला, तर वाट चुकली असे समजू नका. बरोबर आलात.

या देवळाच्या आणि मशिदीच्या मधे, खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर, हे उंडीचे झाड आहे. त्याच्या सावलीत दगडी ओटा आहे आणि ओट्यावर हे जाते. जवळ या, हात लावून पाहा. घरोघरच्या जात्याला एक खुंटा असतो, याला दोन आहेत, समोरासमोर. एक इस्रायलींचा, एक किरिस्तावांचा. कोणी म्हणेल दगड जड म्हणून दोन खुंटे केले. ते खरे आहेच, पण दगड जड असला म्हणून शेजारीण मदतीला येतेच असे नाही. ती का आली, त्याची ही गोष्ट.

मुलूख आंग्र्यांच्या अमलाखाली होता, तेव्हाचे हे, असे सांगतात. तेव्हा मशीद नव्हती. इस्रायली लोक तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून सगळा मुलूख त्यांना शनिवार तेली म्हणे. त्यांचा मुकादम हासाजी उंडेखारकर. त्याच्या ओसरीवरच सगळे प्रार्थनेला जमत. त्याची बायको रिबकाबाय घरात एकदा बोलली की बाहेर घाण्याचा बैलसुद्धा थांबे, असे म्हणतात. बैलाचे खरेखोटे देव जाणे, पण हासाजी थांबे, हे नक्की.

या घरात त्या वर्षी नवी सून आली, मिलका. घाटाच्या पायथ्याच्या एका लहानशा गावातली पोर. हाताला चपळ, बोलायला कमी, आणि सासूला खूश करायची फार हौस. हौशी सुनेसारखा धोका घरात दुसरा नाही.

आता आपला हा खारीचा, खाऱ्या जमिनीचा मुलूख. भात मुबलक, भाकरी तांदळाची, पण गहू इथे रुजत नाही. तो घाटावरून बैलांच्या पाठीवर यायचा आणि लोक तो औषधासारखा जपून ठेवायचे. तरी दोन कामांना गहूच लागे. इस्रायलींच्या वल्हांडण सणाला बिनखमिराची भाकर लागते, ती गव्हाची. वाडवडील मिसर देशातल्या गुलामीतून सुटले तेव्हा कणीक फुगायलाही वेळ नव्हता, तशीच उचलून निघाले, त्याची ती आठवण. आणि किरिस्तावांच्या मिस्सेत पाद्री जी पातळ पांढरी ओस्ती उंचावतो, मोडतो आणि लोकांना देतो, तीही गव्हाची, तीही बिनखमिराची. त्यांच्या श्रद्धेने ते प्रभूचे शरीर. दोन्ही घरची भाकर एका धान्याची, एका तऱ्हेची. पण तोवर कोणी ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली नव्हती.

त्या वर्षी घाटात दरड पडली. गहू आला तो थोडाच. एक लहानसे पोते हासाजीकडे गेले, तसेच एक देवळात. पुढचा बैल कधी उतरेल ते कोणाला माहीत नव्हते, आणि वल्हांडण आणि किरिस्तावांचा पवित्र आठवडा त्या साली एकदमच आले.

सणाच्या दिवशी पहाटे मिलका सगळ्यांच्या आधी उठली. आज गहू दळायचे, भाकरी भाजायच्या, हे तिला ठाऊक होते. तिच्या माहेरी लग्नाच्या शेवयांना गहू दळायचे तर आधी पाण्याचा हात लावून फडक्यात बांधून ठेवत. त्याने कोंडा सुटतो आणि पीठ निघते दुधासारखे पांढरे. सासू उठायच्या आत आपण तयारी करून ठेवली तर ती किती खूश होईल! पोरीने सगळे गहू पाटीत घेतले, तांब्या घेतला, हलक्या हाताने पाणी शिंपडले, गहू खालीवर केले आणि गाठोडे बांधून जात्याशी ठेवले. मग पदराला हात पुसले आणि वाट पाहत बसली. इतकी आनंदात ती सासरी आल्यापासून बसली नव्हती.

रिबकाबाय आली, गाठोडे सोडले, आणि अशी ओरडली की खाडीवरचे बगळे उडाले.

झाले होते असे. वर्षभरापूर्वी कोचीहून एक हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारा पंडित, गावात येऊन राहिला होता. सणाच्या गव्हाला दळण्याआधी पाण्याचा थेंब लागता कामा नये, ओल लागली की दाणा फुगायला लागतो आणि ते खमिरातच जमा, ही शिकवण त्याने आणली. ती उंडेखारात पोचली होती, पण मिलकाच्या माहेरी अजून पोचायची होती. तिला कोणी सांगितले नाही, कारण हे कोणाला ठाऊक नसेल असे कोणाला वाटलेच नाही.

हजानाला बोलावले. त्याने दाणा बोटांत दाबला. दाणा मऊ लागला. भला माणूस होता, त्याच्याच डोळ्यांत पाणी आले. पण मान त्याने आडवीच हलवली.

"सगळ्या वाडीचा सण बुडवलास गो!" रिबकाबाय म्हणाली. "कोणाला विचारलंस तू?"

"मी नवी हाय," मिलका कशीबशी म्हणाली. "मना काय ठावं?"

"तर मग माहेरी जा, नि शिकून ये. तोवर या उंबऱ्यात पाय ठेवू नको."

रागाच्या भरात बोललेला शब्द होता. पण रिबकाबायचा शब्द मागे फिरल्याचे गावाने पाहिले नव्हते. मिलकाने ते ओले गाठोडे डोक्यावर घेतले. गहू खाडीवरच्या पाखरांना टाकायचे आणि तसेच माहेर गाठायचे, एवढेच तिने ठरवले. आईला काय सांगायचे, ते तिला सुचत नव्हते.

या उंडीपाशी तिला नातालबाय भेटली. देवळाच्या ओस्ती भाजायचे काम या बाईकडे. लांब दांड्याच्या लोखंडी साच्यात पातळ पीठ ओतून ती क्रूसाची खूण उठलेल्या ओस्ती भाजी. नवरा समुद्रात गेलेला, आवाज मात्र नवऱ्याचाही तिच्याकडेच राहिलेला, असे लोक म्हणत.

"डोक्यावर गाठोडं नि डोळ्यांत खाडी," नातालबाय म्हणाली. "काय झालं गो पोरी?"

मिलका रडत रडत सगळे बोलली. नातालबायने गाठोडे उतरवून घेतले, मूठभर गहू वास घेऊन पाहिले, एक दाणा दातांखाली धरला.

"हे गहू टाकायला चाललीस? आंबले नायत, किडले नायत, पहाटेच पाणी लागलंय. मना ओस्तीला पीठ पाण्यातच कालवायचं असतं. माझ्या कामाला हे चालतील. नि माझं पोतं कोरडं ठणठणीत पडलंय देवळात."

मिलकाने डोळे पुसले. मग म्हणाली, "पन तुमचा पाद्री?"

पाद्री मचव्याने आदल्या दिवशीच आला होता. अंगाने भरलेला, उपासाच्या आठवड्याने हैराण झालेला माणूस. देवळाची वस्तू दुसऱ्याच्या सणाला द्यायची, हे ऐकून देवळाची राखण करणारे दोघे-तिघे कुरकुरले. पाद्रीने सगळे ऐकून घेतले आणि त्यालाच हसू फुटले.

"अरे, शेवटच्या भोजनाला प्रभू बसला तो कुठल्या सणाला?" तो म्हणाला. "याच. त्याने हातात घेऊन मोडली ती भाकर कुठली? हीच, घाईची, बिनखमिराची. ज्या ताटातली भाकर आपण जन्मभर मोडतो, त्या ताटाला आज गहू नाही, आणि तुम्ही पोत्यावर बसून राहणार? उचला ते पोते!"

पोते उचलले, आणि पुढची अडचण उभी राहिली. हासाजीचे जाते मोठे, नुकतीच टाकी लावून घासूनपुसून सणासाठी ठेवलेले. देवळाचे जाते वाटीएवढे. त्यावर एवढे ओले गहू दळायला बसले तर अर्धे आंबून जातील. मोठे जाते एकच, तेही इस्रायलींच्या घरात. आणि त्या घरातून खमिराचा कण न् कण झाडून काढलेला. नातालबायच्या घरी तर ताडी घालून फुगवलेला पाव रोजचा. ती आत कशी यायची?

तेव्हा हासाजी, जो घरात कधी बोलत नसे, तो बोलला. "ती आत येत नाय, तर जातं बाहेर येईल." घाण्याच्या गड्यांनी ते धूड वासे लावून उचलले आणि या झाडाखाली आणून ठेवले. नातालबायने राखेने कोपरापर्यंत हात घासले, नखे कापली, हजानासमोर हात उलटसुलट करून दाखवले. हजानाने कोरड्या गव्हाचा दाणा दाताखाली फोडला. कट्ट असा आवाज झाला. तो ऐकून सगळी वाडी हसली म्हणतात. सकाळपासूनचे पहिले हसू.

दिवस उतरणीला लागला होता. जड दगड एका खुंट्यावर भरभर फिरेना. हासाजीने घाण्याच्या बाभळीचा एक तुकडा तासला आणि समोरच्या बाजूला दुसरा खुंटा ठोकला. एका खुंट्याला नातालबाय बसली. दुसऱ्याला वाडीतल्या बाया आळीपाळीने बसू लागल्या. आधी कोरडे गहू, मग ओले, हे ठरलेले. मिलका लांब झाडाच्या मुळाशी बसून होती. तिला कोणी बोलावले नाही, आणि जा असेही कोणी म्हटले नाही. रिबकाबाय घराच्या दारातून पाहत होती, तोंड फिरवून पाहत होती.

दळताना गप्प बसेल ती नातालबाय कसली! तिने मोठ्याने ओवी धरली:

नवी सून गो आयली, गहू ओलवून बसली,
सासू रुसली दारात, पिठी जात्यात हसली.

बायांनी तोंडाला पदर लावले. दुसऱ्यांदा ओवी आली तेव्हा दोघीचौघींनी सूर धरला. तिसऱ्यांदा सगळ्या वाडीने. रिबकाबायचा ओठ हलला, तिने तो दातांनी धरून ठेवला, पण हसू काय ओठातून एकट्यानेच येते? ते खांद्यांतून आले. ती दारातून उतरली, तरातरा चालत जात्याशी आली आणि खुंट्यावरच्या बाईला म्हणाली, "ऊठ."

मग तिने मुळाशी बसलेल्या सुनेकडे पाहिले. सगळे गाव पुढे सरकले. मुकादमिणीचा शब्द मागे फिरतो का, ते पाहायचे होते.

"बघत काय राहिलीस? ये, धर खुंटा," रिबकाबाय म्हणाली. "मीच सांगायचं होतं गो. मी सांगितलं नाय."

मिलका आली. रडत होती की हसत होती, तिचे तिलाच कळत नव्हते. सासूने स्वतःच्या हाताने जात्यात घास घातला आणि सुनेने ओढ घेतली.

सूर्य बुडायच्या आत भाकरी भाजून झाल्या. पाणी पिठाला लागल्यापासून तव्यावर पडेपर्यंत कोणाचा हात थांबला नाही. मग त्याच जात्यावर मिलका आणि नातालबाय ओले गहू दळायला बसल्या, आणि तेव्हा तो चमत्कार झाला, असे सांगतात. जात्याच्या पाळीतून पीठ पडू लागले ते इतके पांढरे, की उंडेखारात तसे कोणी पाहिले नव्हते. कोंडा वेगळा, पीठ वेगळे. तुम्ही म्हणाल, ओलवलेल्या गव्हाचे पीठ पांढरेच निघते, यात चमत्कार कसला? असेल. पण एका पोरीच्या चुकीतून दोन सण उजळून निघाले, याला दुसरे नाव असेल तर तुम्हीच सांगा.

त्या रात्री हासाजीच्या ओसरीवर हजानाने भाकर हातात घेऊन मोडली. दुसऱ्या सकाळी देवळात पाद्रीने ओस्ती उंचावली. खिडकीतून उन्हाची तिरीप आली आणि ती पुनवेच्या चंद्रासारखी दिसली म्हणे. मग त्यानेही ती मोडली. अख्खी भाकर एकाची असते, मोडली की सगळ्यांची. हे उंडेखार तेव्हापासून म्हणते. मिलका कधी माहेरी परत गेली नाही. गेली ती माहेरवाशीण म्हणून, मानाने.

आजही दोन्ही सणांपैकी जो आधी येईल त्याच्या आदल्या दिवशी हे जाते झाडूनपुसून दळायला बसतात. वल्हांडणाचे कोरडे गहू आजही देवळातून येतात. आणि देवळाचे गहू इस्रायलींच्या सगळ्यांत नव्या सुनेने ओलवायचे, असा मान आहे. तिने पाणी शिंपडले की किरिस्तावांच्या बाया खोट्या रागाने ओरडतात, "गहू कोणी ओलवले गो?" आणि सून ठरलेले उत्तर देते.

आता इस्रायलींची घरे बहुतेक बंद आहेत. माणसे त्यांच्या देशी गेली, आनंदाने गेली, पत्रे येतात, पोरे-नातवंडे येऊन जाते पाहून जातात. एक घर उघडे आहे. त्या घरात लेआबाय सून होऊन आली त्याला किती वर्षे झाली ते विचारू नका, तिचे नातू मिशा वळवतात. पण तिच्यानंतर या गावात इस्रायलींची सून आलीच नाही. तेव्हा नवी सून तीच.

आज तोच दिवस, कोरडे गहू दळून झाले. ती बघा, येतेय. काठी एका हातात, तांब्या दुसऱ्या हातात. बाजूला व्हा, वाट द्या. बायांनी पाटी पुढे केली. तिने पाणी शिंपडले, दुसऱ्या हातात काठी म्हणून थोडे जास्तच पडले.

"गहू कोणी ओलवले गो?"

सगळे केस पांढरे झालेली ती म्हातारी पदर डोक्यावर ओढते, नव्या नवरीसारखी मान खाली घालते आणि म्हणते, "मी नवी हाय. मना काय ठावं?"

आणि नातालबायच्या वंशातली ती समोरची थोराड बाई खुंट्याशी सरकून जागा करते. "ये गो सुनबाय," ती म्हणते, "धर खुंटा."