केशरची दमणी आणि गावाचं मेण

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. तेव्हाच्या राजाचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. त्या राजाच्या राज्यात, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात हैबती नावाचा गृहस्थ राहायचा. माणूस भला. इतका भला की बघणाऱ्यानं डोकं धरून बसावं! कुणाला 'नाही' म्हणायची वेळ आली की याची जीभ टाळ्याला चिकटायची.

त्याची मुलगी केशर. तिच्या बोटांत कला होती. तिचं लग्न ठरलं नदीपलीकडच्या चिताऱ्यांच्या गावात. देवांचे रथ आणि राजवाड्याच्या पालख्या रंगवायच्या त्या याच गावानं. तिथली एक रीत होती. नवी सून आली की थोरले चितारी वेशीवर थांबून तिच्या हातचं रंगकाम बघायचे. पसंत पडलं तर सून रंगशाळेत बसायची. नाही पडलं तर चुलीपुढे, आणि मग जन्मभर कुंचल्याला हात लावायचा नाही.

केशरला रंगशाळेत बसायचं होतं. दागिने, लुगडी, कशाचाच हट्ट नव्हता तिचा, हा एकच. म्हणून ज्या दमणीत बसून सासरी जायचं, ती छपराची बैलगाडी तिनं स्वतःच रंगवली. फळ्यांवर वेली, वेलींवर पोपट, आणि पोपटाच्या एकेका पिसाला निराळी छटा. हिवाळाभर ती त्या गाडीपासून हलली नाही.

रंग वाळला. आता वाटेतल्या धुळीपासून तो जपायला वर मेण चढवायचं राहिलं. तेही केशरनंच निवडलं. मिळतील तितकी मेणं तिनं एका रंगवलेल्या फळकुटावर लावून पाहिली. एक पिवळं पडलं, एक चिकटच राहिलं, एकाखाली निळा रंग काळवंडला. शेवटी डोंगरातलं, फडक्यातून गाळून घेतलेलं पांढुरकं मेण तिला पटलं. पण तेवढ्यात हळद लागली, आणि हळद लागलेल्या नवरीनं उंबरा ओलांडायचा नाही, अशी त्यांच्याकडची पद्धत.

"बाबा," ती दारातूनच म्हणाली, "सावलीत एकच हात द्या. पातळ. वाळला की मऊ फडक्यानं सगळा पुसून काढा. रंगावर काही आहे असं वाटताच कामा नये."

"अगं, कळतं मला."

"आणि गावातल्यांना मेण लावायचंच असेल, तर जुवावर लावू देत, चाकांवर लावू देत. फळ्यांना हात नको. सांगाल ना त्यांना?"

"सांगतो की! त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं, म्हणे!

त्या गावात मुलगी सासरी निघाली की प्रत्येक घरानं तिच्या गाडीला आपल्या घरचं मेण लावायचं, असा रिवाज होता. ते मेण पुसायचं नाही. पुसलं तर त्या घरचा आशीर्वाद पुसला, असं मानायचे. आजवर हे खपून गेलं, कारण गाड्या कोऱ्या लाकडाच्या असत आणि लाकूड सगळं मेण पिऊन टाकी. रंग मेण पीत नाही. पण हा विचार करतो कोण?

हैबतीनं पहिलं काम मात्र नीट केलं. गाडी सावलीत ओढली, पातळ हात दिला, वाळू दिला, पुसला. पोपट असे झळकले की त्याचं त्यालाच भरून आलं. तिथंच गाडीवर चादर टाकून घरात गेला असता तर ही गोष्ट मला सांगावीच लागली नसती.

एवढ्यात पाटलीणबाई वाटी घेऊन आल्या. "तूप घालून कढवलंय हो. आमची केशर कोरड्या गाडीतनं जायची की काय?"

"वहिनी, ते जुवावर..."

"जुवावर? बैलाच्या मानेवर? माझं मेण?"

हैबती बाजूला सरला. पाटलीणबाईंनी अख्ख्या फळीला मेण थापलं आणि कृतार्थ होऊन गेल्या.

मग तेलीकाका आले, अर्धं तेल घातलेलं मेण घेऊन. "पाटलिणीचं फळीवर आणि आमचं चाकावर? वा रे न्याय!" मग सोनारकाकू आल्या कापूर घातलेलं घेऊन. मग वाण्याचं घर, गुरवाचं घर, कुंभाराचं घर. जो तो दुसऱ्याच्या मेणाला नावं ठेवी आणि त्याच्यावरच आपलं चोपडी. हैबती चरफडत होता. मनात म्हणत होता, अरे, थांबा की लेकांनो, माझ्या पोरीचं नशीब लिंपताय तुम्ही! आणि तोंडानं काय म्हणत होता? "या, या. तुमचीच वाट बघत होतो."

संध्याकाळी तो फडकं घेऊन गाडीपाशी गेला. पुसायला हात उचलला, तेवढ्यात पाटलीणबाई अंगणातून ओरडल्या, "भावोजी, काय करताय?"

"काही नाही वहिनी, माशी बसली होती," असं म्हणून त्यानं फडकं खांद्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी केशर बाहेर आली ती डोळ्यांवरून पदर ओढून, रडत, बायकांच्या गराड्यात. गाडी तिला धड दिसलीही नाही. वरात निघाली. ऊन चढलं तसं मेण पाझरायला लागलं. पुढच्या गाड्यांची धूळ उडाली, ती बसली. वाटेवरच्या खळ्यांमधून भुसा आला, तोही बसला. हैबती मागून चालत होता आणि आपल्या डोळ्यांनी एकेक पोपट बुडताना बघत होता.

वेशीवर थोरले चितारी उभे होते. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, वाकून बघितलं, आणि विचारलं, "पोरी, तुझं काम कुठंय?"

केशर खाली उतरली. गाडी बघून तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं पदर घेतला आणि फळी घासायला लागली. पण मेणात धूळ होती, धुळीत खडे होते. जिथं घासलं तिथं धुळीबरोबर रंगही सुटून आला. एका पोपटाची चोच गेली, मग डोळा गेला. ती थांबली.

थोरले चितारी कठोर नव्हते. ते हळहळून म्हणाले, "इथं काहीतरी चांगलं असेलही, बाई. पण जे मला दिसलं नाही, त्याला पसंत कसं म्हणू?"

हैबती हात जोडून पुढे धावला. "अहो, यात तिची काही चूक नाही! गावानं मेण थापलं..."

"गाडी कुणाच्या हवाली होती?" त्यांनी विचारलं.

हैबतीनं जोडलेले हात खाली घेतले. केशरनं त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही अख्ख्या गावाचं मन राखलंत. माझं तेवढं राहून गेलं."

आणि ती सासूच्या मागोमाग स्वयंपाकघराकडे गेली. रंगशाळेचं दार तिच्यासाठी पुन्हा कधी उघडलं नाही.

हैबती रिकाम्या दमणीवर चादर टाकून ती घेऊन गावी परतला. पारावर सगळे जमलेच होते. पाटलीणबाईंनी विचारलं, "काय भावोजी, आमचं मेण कसं चमकलं?"

हैबतीनं दमणीवरची चादर सारखी केली. आणि माणूस काय म्हणाला असेल? म्हणाला, "छान चमकलं, वहिनी."

ऐकलंत? आता या माणसापुढे कपाळ बडवून घ्यावं नाही तर काय करावं! गावाला काही कळलं नाही, आणि पुढच्या मुलीच्या गाडीसाठी घरोघर पुन्हा मेण कढायला लागलं.

बोध इतकाच: 'नाही' म्हणायच्या वेळी जो 'नाही' म्हणत नाही, त्याच्या भलेपणाची शिक्षा त्याच्या घरचं माणूस भोगतं.