रामाच्या साच्याची भेग

नदीकाठच्या तळेवाडीत रामाचे देऊळ आहे. त्याच्या ओवरीत एके वर्षी बळवंतगिरी महाराज मुक्कामाला होते. गावची रीत अशी, की जत्रेत बाहुल्यांचे रामायण व्हायचे आणि खेळ संपला की बाहुल्यांची मातीची डोकी नदीत सोडायची. पुढच्या वर्षी नवी घडवायची. तो मान भागूच्या घराचा.

गेल्या जत्रेतच भागूचा नवरा अंथरुणाला खिळला. तिला स्वतःला मुखडा घडवता येत नव्हता. मग त्या माउलीने काय करावे? नवऱ्याची शेवटची डोकी नदीत सोडण्याआधी त्यांवर राख भुरभुरली, वर ओली माती थापली, तिचे पुढचे-मागचे भाग अलगद सोडवले आणि भट्टीत भाजून साचे केले. पावसाळ्यात नवरा गेला, साचे राहिले.

आता जत्रा तोंडावर आली आणि भागूचा जीव थाऱ्यावर नव्हता. डोकी झाली नाहीत तर मान रवळू मेस्त्रीकडे जाणार, घराण्याचे नाव पुसले जाणार. साच्यात माती दाबली की ती सुटेपर्यंत थांबावे लागते आणि थांबणेच तर तिला जमेना. अंगणात जायची, आत यायची, साचा उघडायची. रामाचे नाक साच्यातच राहायचे.

तशात रवळू आला. मूर्तिकामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता आणि हे तो स्वतःच सांगत फिरे.

"साच्यातून मोदक काढतत गो, देव नाय," तो म्हणाला. "घोवाचो हात तुका खंयसून येतलो?"

"हात त्येंचोच आसा मेस्त्री. मी फकत माती दाबतंय."

रवळू हसला. रामाचा साचा उचलून त्याने दगडावर असा आपटून ठेवला, की कपाळापासून हनुवटीपर्यंत त्याचे दोन तुकडे झाले. चूक कळूनही तो तोंड फिरवून निघून गेला.

भागू तुकडे पदरात घेऊन ओवरीकडे धावली. महाराज म्हणाले, "चिखलाने जोड आणि इथेच बसून माती दाब."

"देवाच्या तोंडार भेग उमटतली, म्हाराज."

"भेगेचे मी बघतो. तू मातीचे बघ."

तिचे हात साच्याकडे धावत, महाराज "अजून नाही" म्हणत. अखेर त्यांनी साच्यावर हात ठेवला आणि मान हलवली. भागूने साचा उघडला. काय ते रूप! नवऱ्याने घडवला होता तस्साच राम, तोंडावर चरा नाही. भागूच्या घराण्याच्या रीतीने चारही भावांचा मुखडा एकच, फक्त रंग वेगळे. भागूने लगबगीने पुन्हा माती दाबली, पण आता ती सुटेपर्यंत थांबली. लक्ष्मण निघाला, भरत निघाला, शत्रुघ्न निघाला. तिने मान वर केली नाही.

गावात बोभाटा झाला तसा रवळू आला. त्याने साच्याच्या भेगेत नख घातले. नख आत गेले. मग मुखड्यांवरून बोट फिरवले, ते कुठेच अडले नाही.

"मगे भेग गेली खंय?" म्हणत त्याने महाराजांकडे पाहिले. महाराजांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत ताज्या जखमेची लाल रेघ उमटली होती.

"कुठेतरी तिला जागा द्यायला हवी होती, मेस्त्री," महाराज म्हणाले.

रवळूला रडू आवरेना. त्याने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी त्याला उठवले आणि भागूकडे बोट दाखवले. त्या मातीने माखलेल्या हातांपुढे तो गर्विष्ठ माणूस वाकला आणि खाली मानेनेच म्हणाला, "भागूबाय, रंग मी कालवतंय."