साळिंदरबाईंचा रोजचा एक तास

रानात अजून माणसाची पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. मोहाच्या झाडाखाली साळिंदरबाई शाळा चालवायच्या. ससे तिथे पळायला शिकत, माकडं चढायला, पाणमांजरं पोहायला. पण रोज एक तास सगळी पिल्लं एकत्र बसून एकमेकांची बोली शिकत.

एकदा राजाकडून तपासणी समिती आली. अध्यक्ष होते सांबरराव. शाळेला मान्यता मिळाली, तरच तिथल्या पिल्लांना पुढे दरबारात काम मिळणार होतं. सांबररावांनी सगळा अभ्यासक्रम पाहिला आणि बोलीच्या तासावर खूर ठेवला.

"बाई, सशाला माकडाची बोली कशाला हवी? एवढा तास काढा, आत्ता मान्यता देतो."

झुडपांमागे पिल्लांचे आईबाप कान टवकारून उभे होते. तरी साळिंदरबाई म्हणाल्या, "साहेब, नुसतं पळायलाच शिकवायचं, तर ते सशाची आई घरीही शिकवते. तो तास राहणार."

"मग मान्यता नाही."

"नका देऊ. पण जाण्याआधी तसं पिल्लांना स्वतः सांगा."

सांबरराव पिल्लांसमोर गेले. पण त्यांना स्वतःच्या बोलीखेरीज एकही बोली येत नव्हती. शेवटी सांबराच्याच एका पाडसाने त्यांचा निकाल प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या बोलीत समजावून सांगितला. सांबरराव मान खाली घालून ऐकत राहिले. निकाल मात्र त्यांनी बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा पिल्लं आली नाहीत. साळिंदरबाईंनी त्यांची थोडा वेळ वाट पाहिली. मग उरलेल्यांना जवळ बोलावून त्यांनी बोलीचे दोन तास घेतले.