काजळ्याची पाळ

धोंडेवस्ती आणि करंजवस्ती यांच्यामधल्या खिंडीत एक लहान तळे आहे. तळ्याच्या धोंडेवस्तीकडच्या काठावर, त्या वस्तीची शीव संपते तिथे, या कड्यापासून त्या कड्यापर्यंत, दगडांची एक पाळ रचलेली आहे. ती माणसाच्या गुडघ्याइतकीच उंच आहे. बाहेरून आलेले पाहुणे ती पाहून हसतात आणि एवढ्याशा भिंतीने कोण अडणार, असे विचारतात.

धोंडेवस्तीचे लिंबाजी आजोबा आधी पाळीवरचा एखादा हललेला दगड नीट बसवतात. मग म्हणतात, "माणसासाठी न्हाई रचली, बाबांनो. कोकरासाठी रचली." आणि हळूहळू खाली बसतात. त्यांना बसायला इतका वेळ लागतो की तोवर ऐकणारेही बसलेले असतात.

फार पूर्वी धोंडेवस्तीवर धुळा नावाचा धनगर राहत होता, असे सांगतात. त्याची धाकटी बहीण मायाक्का करंजवस्तीला दिलेली होती. तिच्या लग्नात बापाने व्याह्यांशी एक गोष्ट ठरवली होती. दर दसऱ्याला इकडचा मेंढा तिकडे जायचा आणि तिकडचा इकडे यायचा. बाप गेल्यावरही बहीणभावाने ती रीत चालवली. मायाक्का मेंढा घेऊन यायची, माहेरी राहायची आणि दुसरा मेंढा घेऊन परत जायची.

एका वर्षी धुळाच्या कळपात काजळ्या जन्मला. अंग पांढरे, आणि दोन्ही डोळ्यांभोवती काळी गोल रेघ, जणू कोणी काजळ घातले आहे. तो मोठा झाला तेव्हा एकदा लांडगा कळपात शिरला. बाकीची मेंढरे पळाली. काजळ्या मात्र शिंगे रोखून उभा राहिला आणि त्याने लांडग्याला दगडावर आपटले, म्हणे. धुळाचे मन भरून आले. त्याने बिरोबापुढे कपाळाला भंडारा लावला आणि नवस केला, "देवा, ह्यानं माझा कळप राखला. आता ह्या कळपात ह्याच्याबिगर दुसऱ्या रक्ताचा मेंढा यायचा न्हाई."

चूक झाली ती इथे. आजोबा म्हणतात, ती लोभाने झाली नाही, मायेने झाली. म्हणूनच ती कोणाला दिसली नाही.

पुढच्या दसऱ्याला मायाक्का नेहमीप्रमाणे मेंढा घेऊन आली. मेंढा काटक होता, पण त्याचे एक शिंग वाकडे होते. धुळाने लोकांसमोर विचारले, "हे काय आणलंस गं? मेंढा हाय का फाटकं घोंगडं?"

"फाटकं असू दे, पण परकं हाय," मायाक्का म्हणाली. "दादा, आपण भावकीत सोयरीक करतो का? मग ह्या मुक्या जनावराला त्याच्याच लेकींत का ठेवतोस?"

लोक हसले. ते हसणे धुळाला झोंबले. तो ओरडला, "आजपासून तू माझ्या शिवेत न्हाई आन् मी तुझ्या शिवेत न्हाई. जो पाय टाकील त्याला मेलेल्या बापाची आण!"

मायाक्काने पाणीही घेतले नाही. वाकड्या शिंगाचा मेंढा घेऊन ती खिंड उतरून गेली.

सुरुवातीला सगळे चांगलेच झाले. सारी कोकरे काजळ्यासारखी निपजली. बाजारात लोक वळून पाहायचे. मग काजळ्याच्या लेकी वयात आल्या. कळपात दुसरा मेंढा नव्हता, त्यामुळे त्या बापापासूनच गाभण राहिल्या. त्यांची कोकरे अशक्त झाली. काहींचे पाय वाकडे होते. काही फार देखणी होती, डोळ्यांभोवती ठसठशीत काजळ, पण त्या डोळ्यांना दिसत नव्हते. धुळाने नजर उतरवली, चारा बदलला, रान बदलले. मेंढा बदलायचे मात्र त्याच्या मनात आले नाही. काजळ्याला तर लख्ख दिसत होते, मग दोष त्याचा कसा असेल?

इथे आजोबा थांबतात आणि काठीने मातीत दोन रेघा ओढतात. "ऐब अंगात झोपलेली असती," ते म्हणतात. "एकट्या बापाकडून आली तर झोपूनच राहती. पोराला दिसतं, पण त्याच्या अंगातही ती असती. बापाकडनं आली आन् आईकडनंही तीच आली, की जागी होती. घरातल्या घरात दुसरं काय येणार?" मग दोन्ही रेघा जिथे मिळतात तिथे ते काठी टेकवून ठेवतात.

एका उन्हाळ्यात कळप या तळ्यावर आला. तहानलेल्या मेंढ्या पाणी पीत पीत काठाकाठाने पलीकडे गेल्या आणि तिथून कोकरांना साद घालू लागल्या. आंधळ्या कोकरांना मधले पाणी दिसले नाही. आईचा आवाज आला, त्या दिशेने ती सरळ चालत गेली. धुळा धावत येईपर्यंत पाण्यावर पांढरे ठिपके तरंगत होते. त्याने काठावरूनच काठीने एकेक कोकरू ओढून बाहेर काढले. सगळ्यांचे डोळे उघडे होते.

त्याने तळ्याच्या पाण्याने कपाळावर रोज लावत आलेला नवसाचा भंडारा पुसला आणि खिंडीतून बहिणीला हाक मारली. मायाक्का पलीकडच्या काठावर आली. येताना तिने एक मेंढा आणला होता. ती दर दसऱ्याला भावासाठी एक मेंढा राखून ठेवायची, असे सांगतात.

ती काठाकाठाने शिवेपर्यंत आली, आणि शिवेवरूनच धुळाने तिचा मेंढा घेऊन काजळ्याची दोरी तिच्या हातात दिली. पुढे तिच्या कळपात, परक्या मेंढ्यांमध्ये, त्याच काजळ्याची कोकरे डोळस निपजली. मेंढा वाईट नव्हताच. आणि त्याच्या लेकी वयात यायच्या आत मायाक्काने त्याला पुढच्या वस्तीला देऊन टाकले.

दोरी दिल्यावर धुळा म्हणाला, "माये, आता घरी चल."

ती म्हणाली, "दादा, नवस देवाचा होता. तू मोडलास, देव माफ करील. आण बापाची हाय. माफ करायला बाप कुठंय आता?"

ती शिवेवरूनच परत गेली. धुळाने त्यानंतर एकट्याने ही पाळ रचली, कोकरू ओलांडू शकणार नाही एवढीच उंच. दर दसऱ्याला बहीणभाऊ पाळीच्या दोन बाजूंना उभे राहून मेंढे पालटत. दोघेही म्हातारे झाले, पण एकमेकांच्या घरी जेवले नाहीत.

आजही दसऱ्याला दोन्ही वस्त्या इथे येतात. एरवी त्यांच्यात सोयरिका होतात, जाणेयेणे असते. त्या दिवशी मात्र करंजवस्तीच्या बायका पाळीवर फडक्यात बांधलेली भाकरी ठेवतात आणि धोंडेवस्तीचे पुरुष चोळीचे कापड ठेवतात. शिंगांना भंडारा लावलेले मेंढे उचलून इकडचे तिकडे दिले जातात. आजही काजळाच्या डोळ्यांचे कोकरू जन्मले, तर कोणी त्याचे कौतुक करत नाही. आधी त्याच्या डोळ्यांपुढे हात हलवून पाहतात.

पाळ अजून गुडघ्याएवढीच आहे. मेंढे तिच्यावरून पलीकडे जातात. माणसे थोडा वेळ समोरासमोर उभी राहतात आणि आपापल्या बाजूने परततात.