चेअरमनसाहेबांच्या गाडीतली खोट

साखर कारखान्याचे चेअरमन रणधीरराव यांनी दस्तगीर मिस्त्रीकडून आपली टर्बो गाडी पेट्रोलमध्ये कितीही इथेनॉल मिसळलं तरी चालेल अशी करून घेतली. दस्तगीरने इंजेक्टर आणि नळ्या बदलल्या, टाकीतलं इथेनॉल ओळखणारा सेन्सर बसवला. गाडी वाऱ्यासारखी पळू लागली.

महिन्याभराने कारखान्याच्या वार्षिक सभेत रणधीरराव माइकवरून गरजले, "लिटरला चौदा देणारी गाडी आता दहा देते! मिस्त्री, खोट कशात आहे? आमच्या कारखान्याच्या इथेनॉलमध्ये, की तुझ्या कामात?"

इथेनॉल म्हणावं तर चेअरमनशी वैर, काम म्हणावं तर गॅरेजला कुलूप.

दस्तगीर उठला. "साहेब, गेल्या वर्षी अंगणवाडीच्या कलावतीबाईंनी इथंच विचारलं होतं, खोट कशात आहे म्हणून. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने त्यांच्या जुन्या स्कूटरची नळी कुजली, गाडी भर रस्त्यात बंद पडली आणि मागून टेम्पोने त्यांना उडवलं. तेव्हा तुम्हीच निकाल दिलात की इंधनात खोट नाही, चालवणाऱ्याला अक्कल नाही. माझंही उत्तर तेच, साहेब."

गेल्या वर्षी त्या वाक्यावर सगळा मंडप खदखदून हसला होता. आज जो तो मान खाली घालून बसला.

मागच्या रांगेत कलावतीबाई कुबडीवर उभ्या राहिल्या.

"हसा की आता," त्या म्हणाल्या.