माळवदाच्या पाठीवरचं ऊन

फार मागची गोष्ट. नारळांच्या गाडीतून कोकणातली एक पाल घाट चढून देशावर आली आणि एका घराच्या छपरावर चढली. ते मातीचं सपाट माळवद पाहून तिला हसू आवरेना. "अरे, तुला उतारच नाही! आमच्याकडे असतंस, तर आषाढात विरघळून गेलं असतंस."

"गेलो असतो खरं," न चिडता माळवद म्हणालं, "पण जरा दुपार होऊ दे."

दुपारी वैशाखाचं ऊन असं पेटलं, की पालीचे पाय पोळले. ती धडपडत घरात शिरली आणि थबकलीच. दोन हात जाड भिंतींच्या आत गारवा होता. झोळीतलं तान्हं बाळ गाढ झोपलं होतं.

"एवढं ऊन गेलं कुठं?" तिनं हळूच विचारलं.

"माझ्या पाठीवर आहे," माळवद म्हणालं.

कोकणच्या पावसातही जन्मभर कोरडी राहिलेल्या त्या पालीला तेव्हा पहिल्यांदा आपल्या घरची कौलं आठवली.