डोळा फुटला

त्या राज्यात उजेडाला मनाई होती. वर जाडजूड गोणपाट, खाली कोरडी वाळू, आणि मधे बटाट्यांची प्रजा अंगाला अंग लावून पडलेली. मातीत होते तेव्हाही त्यांना उजेड ठाऊक नव्हता. जरा कुणी वर डोकावलं की लगेच मातीची भर पडायची. बाहेर काढल्यावरसुद्धा सावलीतच साल वाळवली आणि इथे आणून ठेवलं. टणक असणं ही इथली अब्रू. एकमेकांची विचारपूस व्हायची तीही एवढीच, की अजून घट्ट आहात ना.

दुसरी अब्रू डोळ्यांची. डोळे प्रत्येकाला होते, अगदी चार-चार, पाच-पाच, पण सगळे मिटलेले. अंधारात उघडून बघायचं तरी काय? एखाद्याचा डोळा फुटलाच, तर सगळा थर हळहळायचा. डोळा फुटला म्हणजे आंधळा झाला, हा तिथला सरळ अर्थ. मग कधीतरी गोणपाट उचललं जाई, वरून हात येई, सगळ्यांना चाचपे आणि त्या आंधळ्याला घेऊन जाई. तो काही परत येत नसे. हात टणकांनाही न्यायचा, पण ते जाणं मानाचं. तेही परत यायचे नाहीत म्हणा; पण मानाने गेलेल्यांची चौकशी कोण करतो?

हवा तापायला लागली तशी गोजराची झोप उडाली. तिच्या डाव्या कुशीत काहीतरी ठणकत होतं. शेजारी वेणूकाकू होत्या. कोण कुठे मऊ पडलंय, कुणाला सुरकुती आलीय, सगळी खबर त्यांना.

“गोजरा, हे काय गं टोचतंय मला?”

“वाळूचा खडा असेल, काकू.”

“खडा होय? काल एवढासा होता. खडे वाढायला लागले का आता?”

काकूंनी हळूच अंग लावून पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

“अगंबाई. डोळा फुटला तुझा.”

“काकू, कुणाला सांगू नका. नेतील मला.”

“मी कशाला सांगतेय? लेकीसारखी तू मला. जरा दम धर, दुखेल थोडं.”

काकूंनी तो कोवळा कोंब वाळूवर दाबून मोडला. पण मोडल्या जागी पुन्हा कोंब आला, आणि पलीकडच्या कुशीला दुसरा. काकूंनी तेही मोडले. मायेनेच मोडले. रोज एकीचं मोडणं आणि दुसरीचं सोसणं चाललं होतं, तरी कोंब थांबेनात. गोजराला वाटे, आपण हळूहळू आंधळ्या होत चाललो आहोत. अंधारात तिला काही दिसत नव्हतंच, त्यामुळे ते खरंही वाटे.

थराचे कारभारी टणकराव. आवाज जड, अंग त्याहून जड.

“वेणूकाकू, तुमच्याकडे कुजबूज कसली?”

“कुठे काय. गोजराला ऊब सोसत नाहीये जरा.”

“ऊब आम्हालाही आहे. डोळा तर फुटला नाही ना तिचा?”

काकू गप्प राहिल्या. एरवी कधी गप्प न बसणाऱ्या काकू गप्प, तेव्हा सगळ्यांना कळायचं ते कळलं.

“एक आंधळी झाली की थर आंधळा व्हायला वेळ लागत नाही,” टणकराव म्हणाले. “कडेला सारा तिला. हात आला की पहिली तीच सापडली पाहिजे.”

ज्याने त्याने थोडं थोडं अंग सरकवलं. काकूंनीही ढकललं; हलकेच, पण ढकललं. गोजरा कडेला जाऊन पडली आणि वरच्या प्रत्येक सळसळीला दचकू लागली.

अखेर गोणपाट उचललं गेलं. हाताने गोजराला उचललं, चाचपलं. मग तो आत शिरला आणि टणकरावांना दाबून पाहून त्यांनाही घेतलं. थरात समाधानाची कुजबूज झाली. घाण गेली, आणि कारभाऱ्यांचा मानही झाला.

गोजराला खिडकीपाशी एका टोपलीत ठेवलं. आधी नेलेले सगळे आंधळे तिथे होते, कोंब वर करून, लागवडीची वाट पाहत, निवांत. तिचा डोळा उजेडात हळूहळू पुरता उघडला. आणि तिला दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी दिसलं.

समोर ओट्यावर टणकराव होते. साल निघाली होती. हात सुरीचं टोक त्यांच्या अंगात खुपसून त्यांचे मिटलेले डोळे एकेक करून कोरून काढत होता आणि सालींच्या ढिगात टाकत होता.

गोजराने कोपऱ्यातल्या गोणपाटाकडे बघून हाक मारली. आतून वेणूकाकूंचा सांभाळून घेणारा आवाज तेवढा येत होता, “मिटा गं, घट्ट मिटा सगळ्यांनी.”

सुरी खाली ठेवून हात पुन्हा गोणपाटाकडे निघाला.